प्रागमध्ये आपलं कोण आहे?

मयुरीला दोन दिवस प्रागला जायचं होतं. या वाक्यात मी कुठेही नाही, माझी बायको रूपाली नाही, शेजारचे तोताराम नाना नाहीत आणि शिंदखेडा तर अजिबातच नाही. आमची मुलगी जर्मनीत ड्रेस्डेनला शिकते, तिथून प्राग रेल्वेने जेमतेम दोन-सव्वादोन तासांवर आहे, शनिवारी जायचं आणि रविवारी संध्याकाळी परत यायचं. जळगावचा माणूस लग्नाचा बस्ता बांधायला नाशिकला जाऊन येतो, तितकीच ही गोष्ट. तिने ती आम्हाला सांगितली, तीही केवळ शनिवारी तिची आई फोन करते म्हणून.

“शनिवारी मी बोलू शकणार नाही हं, प्रागमध्ये असेन.”

मयुरी जुन्या इमारतींच्या जतनाचा अभ्यास करते. प्रागच्या किल्ल्यात एक फार जुनं चर्च आहे आणि त्याच्या छताला दगडी कमानींची जाळी आहे. तिच्या प्राध्यापकांची अट अशी, की फोटोवरून काढलेलं चालणार नाही. स्वतः त्या छताखाली बसून, मान वर करून, हाताने काढलेलं रेखाटन सोमवारी त्यांच्या टेबलावर हवं. नाहीतर हे सत्र वाया. “बाकी प्राग नाही दिसलं तरी चालेल बाबा,” ती म्हणाली, “पण ते छत बघायचंच आहे.” हे मी नीट ऐकलं होतं. पुढे जे काही झालं ते ऐकण्यातल्या चुकीमुळे झालं, असं कोणी म्हणू नये.

चूक झाली ती कंपाउंडच्या भिंतीपाशी. तोताराम नाना मूळचे वरणगावचे. तिथल्या आयुध निर्माणीत गेटवर त्यांची सगळी नोकरी गेली. निवृत्त होऊन जळगावात आले, पण गेट सुटलं नाही. आमच्या कॉलनीत कोण आलं, कोण गेलं आणि का, हे त्यांना माहीत असावं लागतं. मयुरीचं मी त्यांना सहज सांगितलं. बापाला अशा गोष्टी सहज सांगायला आवडतात.

नाना म्हणाले, “तठी आपलं कोन हाये?”

“कुठे?”

“प्रागले.”

“कोणी नाही, नाना. हॉस्टेलमध्ये राहणार आहे. विद्यार्थ्यांसाठी असतात तशी.”

“म्हंजे लॉजवर.”

“हॉस्टेल.”

“पैसे देऊन झोपायचं ना? मंग लॉजच.”

आमच्याकडे माणूस परगावी गेला की आपल्या माणसाकडे उतरतो. आपला माणूस म्हणजे नात्यातला असलाच पाहिजे असं नाही. नात्यातल्याच्या गावचा, गावातल्याच्या भावकीतला किंवा भावकीतल्याच्या व्याह्याच्या ओळखीचा असला तरी भागतं. पण तो असताना लॉजवर उतरणं हा त्याचा अपमान असतो, आणि तो आहे की नाही हे न शोधता लॉजवर उतरणं हा सगळ्यांचाच अपमान असतो. माझा एक चुलतभाऊ धुळ्याला कामासाठी गेला असता लॉजवर राहिला. त्याच गावात त्याच्या मेहुण्याची सासू राहते हे त्याला ठाऊक नव्हतं. तिला मात्र ठाऊक झालं. त्यानंतर त्या घरातली लग्नं त्याने फोटोतच पाहिली.

संध्याकाळी रूपाली म्हणाली, “खरंच हो, तिथे आपलं कोण आहे?” सकाळपर्यंत तिला हा प्रश्न पडला नव्हता. नानांच्या घरी ती दळण विचारायला म्हणून जाऊन आली होती.

शोध सुरू झाला. कॉलनीतल्या एकीचा भाचा पोलंडमध्ये निघाला. “नकाशात शेजारीच दिसतं,” ती म्हणाली, आणि मयुरीने रात्री त्याच्याकडे झोपायला जावं असं सुचवलं. दुसऱ्या एकीचे दीर लंडनला होते. त्यांना फोन केला तर त्यांनी लंडनमध्येच यायचा आग्रह केला आणि मयुरी येत नाही म्हटल्यावर ते नाराज झाले. म्हणजे ज्या गावी कोणी जाणार नव्हतं, तिथेही आमचा एक माणूस दुखावला गेला.

नानांचं म्हणणं आणखी वेगळं होतं. जर्मनीतून दुसऱ्या देशात शिरायचं म्हणजे गेटपास लागणारच. तो लागत नाही, हे मयुरीने मला सांगितलं होतं, मी नानांना सांगितलं, आणि नाना हसले. गेटवरचा माणूस, पास लागत नाही असं सांगणाऱ्याकडे बघून हसतो, तसे. “निदान अठी पोलिसात नोंद करून ठेवा. उद्या काही झालं तर?” ‘उद्या काही झालं तर’ म्हटलं की मी उठतो. मी गेलो. कोणत्या ठाण्यात ते सांगत नाही, कारण तिथल्या माणसाची काहीच चूक नव्हती.

“मुलगी हरवली का?” त्याने विचारलं.

“नाही.”

“मग?”

“प्रागला चालली आहे.”

“कोणाबरोबर पळून?”

“एकटी. रेल्वेने. परत येणार आहे.”

त्याने पेन खाली ठेवलं. “साहेब, हरवल्यावर या.”

बाहेर येऊन नानांना फोन लावला, तर तेच आधी ओरडले, “सापडला!”

सापडला तो प्रेमराज. शिंदखेड्याच्या लोटन आबांचा नातू. आबांचे धाकटे भाऊ आणि नाना वरणगावला एकाच गेटवर होते. प्रेमराज इंजिनीअर, मोटारींचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात, बायको सारिका, मुक्काम प्राग. मी एका स्थानिक दैनिकात तालुक्यांच्या बातम्या तपासतो, त्यामुळे कोण, काय, कुठे, कधी हे विचारल्याशिवाय मला अन्न गोड लागत नाही. मी सगळं विचारलं. नानांनी प्राग सांगितलं, आबांनी प्राग सांगितलं, आबांच्या घरच्या भिकुबाईंनीही प्रागच सांगितलं. तिघांनी स्वतंत्रपणे तेच सांगितल्यावर बातमी पक्की धरायला हरकत नसते. त्या तिघांना ते एकाच माणसाने सांगितलं होतं, हे माझ्या लक्षात यायला हवं होतं.

लोटन आबांचा आवाज फोन हातभर लांब धरला तरी ऐकू येतो.

“मयुरीना बाप का? आंडेरले सांगा, हाटेल-बिटेल बठ्ठं रद्द. घर शे आपलं तठे.”

“आबा, पण त्यांना उगाच त्रास—”

“तरास कसाना? तुमनी आंडेर ती आमनी आंडेर.”

आंडेर म्हणजे लेक. मी आभार मानले. इथे विषय संपायला हवा होता. पण आबा पुढे म्हणाले, “आनि तुम्ही? पोर आमना घर जेवी आनि तुम्ही जळगावमा बसी ऱ्हाशात? शनवारले बठ्ठा शिंदखेडाले येवानं. मुक्कामले.”

यातला हिशेब मला आजही नीट मांडता येत नाही. मुलगी त्यांच्या नातवाकडे पाहुणी. म्हणजे आम्ही त्यांचे पाहुणे. आणि पाहुणा असून आलो नाही, तर तिकडे मुलगी कोणाच्या घरी जेवते आहे, असा प्रश्न उभा राहतो. रूपालीला मात्र तो तत्काळ समजला. तिने साडी काढली.

मयुरीला फोन करणं माझ्याकडे आलं.

“बाबा, मी त्यांना ओळखत नाही.”

“ते आपल्याला ओळखतात.”

“कसे?”

याला उत्तर देण्याऐवजी मी रेंज जात असल्यासारखं केलं. शेवटी ती कबूल झाली. स्टेशनवर ते घ्यायला आले तर चालेल, सामान घरी टाकेल, आणि थेट चर्चमध्ये. छत शनिवारीच उरकायचं. उरलेला वेळ त्यांचा. मी हे आबांना कळवलं. “हा, हा, बठ्ठं व्हई,” आबा म्हणाले.

शनिवारी सकाळी आम्ही निघालो. शिंदखेडा जळगावच्या पश्चिमेला आहे. आम्ही पूर्वेला निघालो, कारण नाना सोबत होते आणि रिकाम्या हाताने जायचं नसतं. नशिराबादला त्यांच्या पुतण्याच्या शेतातली भरिताची हिरवी वांगी घेतली. थोडी घेऊ म्हणालो होतो, पोतं आलं. ते डिकीत मावेना, म्हणून रूपालीच्या पायाशी ठेवलं आणि तिचे पाय सीटवर घेतले. मग ज्या रस्त्याने आलो होतो त्याच रस्त्याने परत जळगाव ओलांडून धुळ्याकडे. आमच्या घरावरून जाताना मला क्षणभर उतरून आत जाऊन झोपावंसं वाटलं.

आबांचं घर नवं, फरशीचं, आणि बैठकीच्या खोलीत भिंतीएवढा टीव्ही. तो त्यांनी फोनला जोडून घेतला होता. आम्हाला पाणी, चहा, टॉवेल-टोपीचा आहेर, पुन्हा चहा, आणि मग सगळे टीव्हीसमोर बसलो. प्रागहून फोटो येऊ लागले.

पहिला फोटो स्टेशनचा. मयुरी मध्ये, एका बाजूला प्रेमराज, दुसऱ्या बाजूला सारिका. मयुरीच्या कपाळावर एवढं मोठं कुंकू आणि मागे थबकलेला एक गोरा हमाल. आबा खूश. दुसरा फोटो गाडीतला. तिसराही गाडीतला. चौथ्यात काचेबाहेर जंगल होतं.

“प्राग बरंच पसरलेलं दिसतंय,” मी म्हणालो.

“राजधानी हाये,” नाना म्हणाले.

पाचव्या फोटोत गाई होत्या.

“आबा, गाई?”

“गावमा गाय ऱ्हास ना,” आबा म्हणाले.

मग माझ्या फोनवर मयुरीचा संदेश आला. ‘बाबा, मी कुठे आहे?’

परदेशात एकटी राहणाऱ्या मुलांना असे प्रश्न पडतात, असं मी वाचलं होतं. मी लिहिलं, ‘असे विचार येतात बेटा. मन शांत ठेव.’ त्यावर तिने काही न लिहिता ती होती त्या जागेचा नकाशा पाठवला.

मी चष्मा पुसला. मग रूपालीचा चष्मा लावून पाहिलं. निळा ठिपका प्रागच्या आत नव्हता, प्रागजवळ नव्हता, प्राग मागे टाकून चांगला दोन-अडीच तास पुढे, एका अशा गावात होता, ज्याच्या नावात स्वर जवळजवळ नव्हते. ड्रेस्डेनला परत जायचं तर तिला आधी प्रागला परत यावं लागणार होतं.

मी उठून अंगणात गेलो आणि प्रेमराजला फोन लावला. मुलगा सज्जन. त्याला माझा प्रश्नच कळेना.

“हो काका, आम्ही इथेच राहतो. कारखाना इथेच आहे ना.”

“पण प्राग?”

“ते आपलं सांगायला. इथल्या गावाचं नाव आजीला उच्चारता तरी आलं असतं का? मी पुण्यात शिकत होतो तेव्हा कुठला म्हणून विचारलं की धुळ्याचा सांगायचो. शिंदखेडा कोणाला माहीत?”

“पण मग सांगायचं तरी...”

“नानांनी तुम्हाला विचारलं ते प्रागमध्ये आपलं कोण आहे, असंच ना? मग मीच की.”

मी फोन ठेवला, आत आलो आणि नानांकडे पाहिलं. हे भुसावळचे म्हणून आमच्या कॉलनीत ओळखले जातात. वरणगाव कोणाला माहीत, असं म्हणून त्यांनीच ते पसरवलंय. नशिराबादचा त्यांचा पुतण्या मुंबईत जळगावचा असतो. मी स्वतः दिल्लीला गेलो होतो तेव्हा ‘औरंगाबादच्या पुढे’ असं सांगितलं होतं. सगळा खानदेश शेजारच्या मोठ्या गावाच्या नावावर राहतो, आणि त्यात आजवर कोणाचं काही बिघडलं नव्हतं, कारण ते नाव वाचून रेल्वेचं तिकीट कोणी काढलं नव्हतं.

आबांना सांगायची सोय नव्हती. त्यांच्या घरी बसून, त्यांच्या टोपीत, तुमचा नातू प्रागला राहत नाही, असं सांगायचं? मी मयुरीला लिहिलं, ‘चहा घे आणि लगेच निघ.’

पण तिथे चहा नव्हता. तिथे भरीत होतं. पाहुणी आमच्याकडची, म्हणून सारिकाने कुठूनतरी वांगी मिळवली होती. आमच्याकडे ती कपाशीच्या काड्यांवर भाजतात. सारिकाने ती गॅसवर भाजली. आणि तिकडच्या इमारतींना धूर आवडत नाही. आम्ही हे सगळं टीव्हीवर पाहत होतो, कारण फोन ओट्यावर उभा करून ठेवलेला होता. आधी धूर आला, मग कर्णकर्कश भोंगा, मग तिघंही पडद्यातून निघून गेले आणि आम्हाला फक्त वांगी दिसत राहिली.

“भोंगा वाजी ऱ्हायना,” आबा म्हणाले.

नाना ताडकन उठले. आयुध निर्माणीत असल्या भोंग्याचा एकच अर्थ असतो, आग. “बाहेर! सगळे बाहेर! पळू नका, रांगेनं चाला!” नाना अशा आवाजात ओरडले, की आबा, भिकुबाई, रूपाली, मी आणि पापड घेऊन आलेली शेजारीण असे सगळे रांगेने अंगणात जाऊन उभे राहिलो. तिकडे अख्खी इमारत थंडीत रस्त्यावर उभी होती, इकडे आम्ही उन्हात. ‘सुरक्षित’ असं नाना म्हणेपर्यंत कोणी आत गेलं नाही. आपण बाहेर का आलो, हे विचारायचं धाडस मला अजून झालेलं नाही.

तिकडे मात्र खरे अग्निशामक आले. त्यांनी वांगी पाहिली, एकमेकांकडे पाहिलं, प्रेमराजकडून कशाकशावर सह्या घेतल्या, त्याला एक लांब समज दिली. हे सगळं होऊन मंडळी वर आली तेव्हा दुपार कलली होती. हिवाळ्यात चर्च लवकर बंद होतं. शनिवार संपला होता. मयुरीने भरीत खाल्लं आणि मला लिहिलं, ‘भरीत छान होतं.’ पुढे एक टिंब होतं. ती कधी टिंब देत नाही.

रविवारी सकाळी परिस्थिती अशी होती. चर्च रविवारी दुपारी बारानंतर उघडतं, कारण सकाळी प्रार्थना असते, आणि चारला बंद होतं. तिथपर्यंत गाडीने दोन-अडीच तास. संध्याकाळची गाडी प्रागहूनच. म्हणजे मयुरीने सकाळीच निघायला हवं होतं. आणि सारिका पहाटेपासून मांडे करत होती.

पुरणाचे मांडे उलट्या खापरावर होतात. खापर मिळालं नाही म्हणून सारिकाने उलटी कढई घेतली होती, आणि हातावर चादरीएवढा पसरलेला मांडा तीवर टाकताना ती इतकी आनंदात दिसत होती, की बघवत नव्हतं. माहेर-सासर सोडून दूर पडलेल्या बाईकडे पहिल्यांदाच आपल्याकडची मुलगी मुक्कामाला आली होती. इकडे तिला पडद्यावरून एकेक सूचना देत भिकुबाई मांडे करत होत्या, आमच्यासाठी. मांड्याच्या जेवणाआधी पाहुणा उठत नाही. सारिकाला मयुरी सांगू शकत नव्हती, आबांना प्रेमराज सांगू शकत नव्हता, आबांना मी सांगू शकत नव्हतो, आणि रूपाली मला कोपराने ढोसत होती.

‘ती ताट वाढतेय,’ मयुरीचा संदेश आला. ‘मी काही बोलू शकत नाहीये, राहू द्या, सत्र पुन्हा करेन’

मी तो रूपालीला दाखवला. तिचे डोळे भरले. मी आबांसमोर तोंड उघडलं, आणि म्हणालो, “मांडे फार पातळ झालेत.” माझ्याच्याने तेवढंच झालं.

तेवढ्यात भिकुबाईंनी पीठ लावलेल्या हाताने पदर सावरत विचारलं, “पोरनं देवदर्शन झाये का तठे?”

गावी गेलेल्या कोणालाही त्या हे विचारतात. चाळीसगावला जाऊन आलं तरी विचारतात. मी नेहमीसारखं ‘हो’ म्हणणार होतो. पण विचारलेल्या प्रश्नाला खरं उत्तर द्यायची सवय कामाने लागलेली असते.

“नाही झालं,” मी म्हणालो.

भिकुबाईंनी आबांकडे पाहिलं.

आबांनी विचारलं, “देव नई का तठे?”

“आहे. फार मोठं देऊळ आहे. ख्रिस्ती लोकांचं. किल्ल्यात. शेकडो वर्षांचं.”

“मंग?”

“राहिलं.”

“ऱ्हायनं?” आबा उठून उभे राहिले. “गावमा येवानं, देवना पाय न पडता मांडा खावाना आनि जावानं? हाई कोनी शिकाडं?” ते टीव्हीकडे वळले. “ए प्रेमराज! तू गया व्हता का कधी?”

पडद्यावर प्रेमराजने मान खाली घातली. “नई, आबा.”

“इतला साल झायात!”

“सुट्टी मिळस, पन... दूर शे, आबा.”

“दूर? गावमा शे ना?”

प्रेमराजने एकदा माझ्याकडे पाहिलं असावं. पडद्यावरून ते नक्की सांगता येत नाही. “प्राग मोठं शे, आबा,” तो म्हणाला.

“मंग नींघ! आत्ते नींघ! देव आधी, जेवन मांगे. आनि नारय लई जाय!”

सारिका वाढलेल्या ताटाकडे पाहत उभी होती. मला वाटलं ती रडणार. तिने ताट झाकलं, गॅस बंद केला, तो बंद झालाय हे दोनदा पाहिलं, आणि म्हणाली, “मी पन येस. मी तरी कोठे देखेल शे?”

ते गेले आणि इकडे आम्हाला काहीच कळेनासं झालं. गाडी कुठवर आली, वाटेत काय लागलं, दर थोड्या वेळाने आबा मला विचारत, आणि मी, जणू मीच गाडी चालवतोय असा, उत्तर देत असे. एकदा ‘ट्रॅफिक’ असा संदेश आला. एकदा ‘पार्किंग नाही’. मग बराच वेळ काहीच नाही. मग पडद्यावर सारिकाचा फोन उघडला आणि दारावरचा पहारेकरी दिसला. तो नारळ हातात घेऊन फिरवून पाहत होता.

प्रेमराज त्याला काहीतरी समजावत होता. नारळाने काय करतात हे त्याने बहुधा हाताने करून दाखवलं, आणि तिथेच बिनसलं. पहारेकऱ्याने दुसऱ्या पहारेकऱ्याला बोलावलं.

“मीसुद्धा सोडला नसता,” नाना म्हणाले. त्यांच्या आवाजात त्या पहारेकऱ्याविषयी आदर होता.

शेवटी तडजोड झाली. दोघी आत गेल्या. प्रेमराज नारळ घेऊन बाहेर थांबला. इतकी वर्षं त्या देशात काढून, आजोबांच्या शिव्या खाऊन तो त्या दारापर्यंत आला, आणि तिथून पुढे गेला नाही.

आत अंधार वाटला. मग उंच रंगीत काचा, मग मयुरीची पाठ. ती दोन पावलं चालली, थांबली, आणि तिने मान वर केली. सारिकाने फोन वर धरला. आम्हाला राखाडी रंगाचं काहीतरी दिसलं, त्यात एकमेकींना छेद देणाऱ्या रेषा होत्या असं मी म्हणू शकेन. भिकुबाईंनी हात जोडले. आबांनी टोपी काढली.

मयुरी एका खांबाशी टेकून जमिनीवर बसली आणि काढू लागली. लोक तिला वळसा घालून जात होते.

“काय करी ऱ्हायनी ती?” आबांनी दबक्या आवाजात विचारलं.

“दर्शन घेतेय,” मी म्हणालो. त्या क्षणी मला दुसरं काही सुचलं नाही, आणि ते चूक होतं असंही मला वाटत नाही.

“इतला येळ? पोरमा लई भक्ती शे.”

मग पडदा तिरका झाला. आम्हाला फरशी दिसू लागली, कोणाचे तरी बूट, एका लहान मुलाचा मोजा. सारिकाला आपण फोन धरलाय याचाच विसर पडला होता. तिचा फक्त आवाज आला, “अगं माय...” अगदी हळू. मग फोन बंद पडला.

पुढे काय झालं हे मला माहीत नव्हतं. रेखाटन झालं की मधेच उठवलं, गाडी मिळाली की चुकली, कोणालाच फोन लागत नव्हता. चर्च बंद व्हायची वेळ कधीच टळून गेली होती. इकडे रात्र झाली, दर्शनासाठी थांबवलेली पानं मांडली. भिकुबाईंनी एक ताट जास्त वाढलं आणि माझ्या ताटाशेजारी ठेवलं.

“हे कोणाचं?” मी विचारलं.

“पोरनं,” भिकुबाई म्हणाल्या. “वाढेल ताटवरतून उठनी ती. तठलं ताट तठे ऱ्हायनं. तिना वाटानं आते बाप खाई.”

मी रूपालीकडे पाहिलं. तिने मान वळवली. नाना म्हणाले, “बराबर हाये. रीतच हाये तशी.”

मी आधी माझं ताट संपवलं. मग मुलीचं घेतलं. त्यात मांडा होता, तिखट आमटी होती, आम्हीच आणलेल्या वांग्यांचं भरीत होतं आणि मुलगी बाहेरगावी म्हणून जरा जास्त वाढलेला हिरव्या मिरचीचा ठेचा होता. टाकायचं काही नव्हतं. मी अर्ध्यावर आलो असेन, तेव्हा रूपालीचा फोन वाजला. तिने पाहिलं, तोंडावर हात ठेवला आणि फोन माझ्यासमोर धरला.

रेल्वेच्या खिडकीशी, कागद मांडीवर ठेवून काढलेला फोटो. कागदाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत छताची जाळी. खाली फक्त एक शब्द, ‘झालं’.

माझे डोळे वाहू लागले. नाना म्हणाले, “बापाचं काळीज हाये शेवटी.” आबांनी माझ्या पाठीवर हात ठेवला आणि पुष्कळ वेळ काढला नाही. मला पाणी हवं होतं, पण तोंडातून शब्द फुटेना. मी तांब्याकडे बोट दाखवलं, तर भिकुबाईंनी आणखी ठेचा वाढला. कागदावरच्या रेषा मला एकही स्पष्ट दिसत नव्हती. ते ठेच्यामुळे होतं.